बंद हाय ना?

१

आमचं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा वरांडा. भालकीची बस मेहकरच्या अलीकडं फाट्यावर सोडते, तिथून चालत यायचं. मी मंजुश्री, इथली सिस्टर. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, तेही आले तर. बाकी सगळं माझ्या गळ्यात. बीपी बघा, शुगर बघा, लोहाच्या गोळ्या वाटा, बाळंतिणीच्या सासूशी भांडा. भांडण्यात मी कुणाला ऐकत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

सिद्धराम यायचा तो अंगठा घेऊन. उजवा अंगठा सुजलेला, नखाजवळची चामडी सोललेली. बाप-आजा मेंढरं वळायचे, याच्या वाट्याला थोडी जमीन, विहीर आणि ऊस आला. पोरगा सरळ, शब्दानं कुणाला दुखवणार नाही. "अक्का, मलम द्या की." मी मलम द्यायची. पुढच्या खेपेला ऊर धडधडतंय म्हणायचा, मी ॲसिडिटीची गोळी द्यायची. झोप न्हाई म्हणाला तर मी म्हणायची, "चहा कमी कर, सोन्या." येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते आणि बहुतेकांचं त्यात भागतं.

एका सोमवारी त्याच्या डाव्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा असा चढला की मीच घाबरले. म्हटलं मशीन बिघडली. परत लावला, परत तेवढाच. एवढ्यात टेबलाखालून एक बाई बोलली, अगदी शुद्ध पुस्तकी मराठीत.

"मोटर बंद आहे. लाईट आहे."

आणि बघता बघता आकडा खाली आला. मी वाकून बघितलं. सिद्धरामचा उजवा हात टेबलाखाली, हातात फोन.

"हे काय रे?"

"मोटर, अक्का. बंद हाय का बघायलोय."

"येताना बंद केली नव्हतीस व्हय?"

"केलती की."

"मग?"

"मग काई न्हाई," असं म्हणून तो हसला. मी पट्टा सोडायच्या आत त्याचा अंगठा परत त्याच नंबरावर गेला होता.

२

हे डबे आता गावात घरोघरी आहेत. मोटरच्या खोलीत स्टार्टरशेजारी लावायचा, आत सिमकार्ड असतं, आणि ज्यांचे नंबर त्यात घातलेत त्यांचाच फोन तो घेतो. घरबसल्या फोन लावून मोटर चालू करायची, बंद करायची, आणि विचारलं तर डब्यातली बाई सांगते काय स्थिती आहे ती. कुणाचा डबा हिंदी बोलतो, कुणाचा कन्नड. सिद्धरामनं उदगीरच्या दुकानातून आणलेला, म्हणून याची बाई मराठी.

लसीकरणाला त्याच्या घरी गेले तेव्हा भाग्यलक्ष्मीनं, त्याच्या बायकोनं, मला चुलीपाशी ओढलं.

"अक्का, ह्येनला काय तरी झालंय बघा. गाव म्हणतंय लई काळजीचा माणूस. त्येनला काय जातंय म्हणायला? जेवायला बसले की घास हातात आन् फोन कानाला. बाईनं सांगितलं तरी पटत न्हाई, मग मला इचारतेत. मी 'बंद हाय' म्हणलं की घास खाली जातोय. मी न्हाई म्हणले बोलायला, तर उपाशी उठतेत."

"भीती कशाची आहे? मोटर जळायची?"

तिनं बाहेर बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "विहिरीत कुणी तरी पाईप धरून हाय म्हणतेत. मोटर चालू असली तर त्येला करंट लागंल म्हणून."

"कोण आहे?"

"कुणीच न्हाई वो! त्येनला बी ठाव हाय कुणी न्हाई म्हणून. तेच तर म्हणतेत, मला कळायलंय की काई नसतंय, पण डोक्यातून जात न्हाई."

मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून घेतलं. त्या विहिरीत कधी कुणी बुडालेलं नाही. माणूस नाही, जनावर नाही. सिद्धरामच्या बापानंच ती खोदलेली.

३

त्यानंतर बीदरला आमचं प्रशिक्षण निघालं. एरवी मी प्रशिक्षणाला पुरी-भाजीसाठी जाते, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी मानसिक आजारांचे डॉक्टर महेशकुमार बोलायला उभे राहिले आणि माझा हात ताटातच थांबला.

"हे पेशंट मनाचा आजार म्हणून तुमच्याकडं येणारच नाहीत," ते म्हणाले. "हात फुटले म्हणून येतील, झोप नाही म्हणून येतील, धडधड होते म्हणून येतील. आतलं सांगायला लाजतात, लोक वेडा म्हणतील अशी भीती असते. म्हणून तुम्ही विचारायचं. नको असलेला एकच विचार परत परत येतो का? तो गप्प बसावा म्हणून एकच गोष्ट परत परत करावी लागते का? त्यात दिवस खर्ची पडतो का?"

ओसीडी. मराठीत मंत्रचळ. माझी आई सारखे हात धुणाऱ्या एका चुलतीला मंत्रचळी म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो. मला तिथं बसल्या बसल्या सिद्धरामचा अंगठा दिसायला लागला. किती मलम दिलं मी त्याला, देवा!

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. "दिलासा देत बसू नका. 'काही नाही, सगळं ठीक आहे', एवढंच त्याला तुमच्याकडून हवं असतं. एकदा दिलंत की थोडा वेळ बरं वाटतं, मग परत हवं. घरचे देत राहतात आणि आजार वाढत जातो." मी जोरात मान हलवली. मला सगळं कळलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी गर्दी पांगल्यावर मी सिद्धरामला बसवून घेतलं आणि ते प्रश्न एकेक करून विचारले. तिसऱ्यापर्यंत जायची वेळच आली नाही. तो गडी माझ्यासमोर तोंडावर टॉवेल घेऊन रडला.

"तुमाला कसं कळलं, अक्का? मी तर बायकोला बी पुरतं सांगितलं न्हाई."

"आजार आहे रे हा. शुगर असते तसा. औषध आहे याला. मी येते तुझ्याबरोबर बीदरला."

मला काय आनंद झाला होता! इतकी वर्षं सुया टोचत आले, पण आपण कुणाचा तरी आजार ओळखला असं पहिल्यांदा वाटलं.

"येतो," तो म्हणाला. "फकस्त एकदा तुमी ऐका. मला ऐकायला येतंय ते खरं का खोटं, तेवढं सांगा."

"बाई बोलते ते?"

"तिचं झाल्यावर."

ऐकायला नको होतं, हे कालच शिकून आले होते. पण समोर रडका माणूस बसलाय, आणि एकदाच तर ऐकायचंय! त्यानं नंबर लावून फोन माझ्याकडं दिला. रिंग वाजली, खट्ट झालं.

"मोटर बंद आहे. लाईट आहे."

मी फोन कानापासून काढणार, पण तो कट झाला नव्हता. पलीकडं कुणी तरी होतं. अगदी हळू, हनुवटीपर्यंत पाण्यात उभं राहून, पाणी तोंडात जाऊ नये म्हणून जपून बोलावं तसं ते बोललं.

"बंद हाय ना?"

बाईचा आवाज म्हणावा तर नाही, पुरुषाचा म्हणावा तर नाही. मग फोन कट झाला. सिद्धराम माझ्या तोंडाकडं बघत होता.

"काय म्हणली?"

"मोटर बंद आहे म्हणाली."

"आन् मागनं?"

"मागनं काय? कट झाला फोन."

"काईच न्हाई?"

"काही नाही रे बाबा, शपथ!"

त्यानं डोळे पुसले आणि हसला. त्या आठवड्यातच तो माझ्याबरोबर बीदरच्या बसमध्ये बसला. आता तुम्हीच सांगा, मी दुसरं काय बोलायला हवं होतं? खरं सांगितलं असतं तर तो त्या बसमध्ये चढला असता का?

५

महेशकुमार डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. गुण हळूहळू येईल म्हणाले. सिद्धरामचा नंबर डब्यातून काढून टाकायचा, आणि त्यानं घरात कितीही विचारलं तरी कुणी 'बंद हाय' म्हणायचं नाही. भाग्यलक्ष्मीनं तेव्हापासून एकदाही म्हटलं नाही. तो हातापाया पडला तरी नाही. बाई कणखर, मी तिला मानते.

पण बसस्टँडवर सिद्धराम मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, तुमचा नंबर असू द्या डब्यात. मी इचारणार न्हाई. फकस्त कुणाचा तरी असू द्या." मी होकार दिला आणि डॉक्टरांना सांगितलं नाही. सिद्धरामची दया आली, हे खरं. पण मला आणखी एकदा ऐकायचं होतं, हेही खरं. आपण ऐकलं ते ऐकलंच नव्हतं, याची खात्री करायची होती.

दुपारी उपकेंद्रात एकटी असताना मी फोन लावला. बाई बोलली, आणि मागून ते विचारणं आलं. मी स्वतःला शिव्या घातल्या. म्हटलं, मंजुश्री, नेटवर्कचा घोळ आहे, दुसऱ्याच कुणाची तरी लाईन शिरत असेल. दुसऱ्या दिवशी परत लावला. मग उदगीरच्या दुकानदाराला विचारलं, डब्यात माईक असतो का हो?

"असतो की. स्टार्टर लागला का ते ऐकायला."

माझा जीव भांड्यात पडला. मग तो म्हणाला, "पण बाई, डबा खोलीत असतोय. त्याला खोलीतलंच ऐकू येणार."

भाग्यलक्ष्मीच्या भावाचं औरादला लग्न होतं, घरातले सगळे तिकडं गेले होते. भर दुपारी मी त्यांच्या शेतात गेले. मोटर विहिरीतच पाण्यात बुडवलेली; स्टार्टरची खोली बांधाच्या कडेला आणि विहीर पार उसाच्या पलीकडं. दाराला नुसती कडी होती. आत ग्रीसचा वास, कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं पोळं, एक फाटकी चप्पल, भिंतीवर स्टार्टर आणि त्याच्याशेजारी तो डबा, हिरवा दिवा लागलेला. जमीन कोरडी ठक्क. बसायला-लपायला बोटभर जागा नाही. मी दार उघडंच ठेवलं आणि डब्यापुढं उभं राहून फोन लावला.

डब्यात खट्ट झालं. कानात बाई बोलली. खोलीत माश्या गुणगुणत होत्या, त्याही मला फोनमधून ऐकू आल्या. म्हणजे दुकानदार बरोबर होता, डब्याला खोलीतलंच ऐकू येत होतं. मग कानाशी आलं, "बंद हाय ना?"

खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. माझा दुसरा कान मोकळा होता, दाराच्या बाजूचा. त्या कानानं मी तेच ऐकलं, उसाच्या पलीकडून, विहिरीकडून. एवढंसं, पण स्पष्ट.

मला पळायला हवं होतं. पण त्या आवाजात जे होतं ते मी रोज टेबलापलीकडून ऐकते. धमकी नव्हती हो त्यात. ते घाबरलेलं होतं. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हाय, हाय. बंद हाय."

फोनमध्ये कुणी तरी श्वास सोडला. पेशंटला रिपोर्ट चांगला आला म्हटल्यावर सोडतात तसा.

मी विहिरीपर्यंत गेले. पाणी हिरवं, स्थिर. फक्त पाईपभोवती ते हलत होतं. पाण्याच्या वर, हात पोचेल एवढ्या उंचीपर्यंत, पाईप ओला होता.

६

सिद्धराम बरा व्हायला लागला. अंगठ्याची चामडी भरून आली, तोंडावर तेज आलं. एकदा शेंगाची चटणी घेऊन आला आणि वरांड्यात बसून पोराटोरांच्या गमती सांगत राहिला. फोन खिशातून काढलासुद्धा नाही. मी त्याच्याकडं बघून हसत होते आणि टेबलाखाली माझा अंगठा चालू होता.

विहिरीतल्या त्याला ते रोज ऐकायला लागायचं. मी दुपारी सांगितलं की संध्याकाळपर्यंत भागायचं, पुढं तेवढंही भागेना. सांगितलं नाही तर काय होईल, मला माहीत नाही. एकदा दिवसभर फोन लावला नाही, तर शेवटी बाळंतपण अर्धवट सोडून मी मोरीत गेले आणि फोन लावला. फोन लागल्याबरोबर ते बोललं. त्या दिवशी ते बाईचं बोलणं संपायचीही वाट बघत नव्हतं.

मोरीत भिंतीला टेकून उभी असताना मला उमगलं. तोच विचार, तीच गोष्ट, तोच दिलासा, थोडा वेळ बरं आणि परत तेच. हा मंत्रचळच होता. सिद्धरामचा होताच, आता माझाही होता. पण सगळ्यात आधी तो त्या पाण्यातल्याचा होता. त्यालाही कुणी सांगितलेलं पटत नव्हतं. त्याला मी कुठल्या बसनं बीदरला नेणार होते?

मी एकटीच त्या मोरीत ढसाढसा रडले. बाहेर बाळंतीण मला हाका मारत होती.

उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचं ठरलं. सिद्धराम आनंदानं सांगायला आला, "डॉक्टर म्हणले, शेवटची पायरी ही. मीच खाली उतरायचं, स्वतःच्या पायानं. तुमी या, अक्का. तुमच्यामुळं तर वाचलो."

मी महेशकुमारांना फोन केला. म्हटलं, "सर, विहिरीत नको. दुसरं काही सांगा त्याला."

"का? तो तयार आहे. तुम्हाला कसली भीती वाटते, सिस्टर?"

काय सांगणार? सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी गोळ्या लिहिल्या असत्या. आणि ते सिद्धरामच्या कानावर गेलं असतं तर इतके महिने त्यानं जे कमावलं ते एका क्षणात गेलं असतं. मी म्हणाले, "काही नाही सर, असंच."

७

सकाळचं ऊन होतं. आदल्या दिवशीच पाणी उपसून टाकलेलं, तळाला गुडघ्याएवढं राहिलं होतं. वर गाळ ओढायला दोन गडी, भाग्यलक्ष्मी आणि मी. सिद्धरामनं सगळ्यांसमोर खांबावरचे फ्यूज काढले आणि बायकोच्या हातात दिले. "घे, तुझ्यापाशी ठेव. आता तर देव बी मोटर चालू करू शकत न्हाई." तिनं ते ओच्यात बांधले. सगळे हसले, मीही हसले.

तो शिडीनं उतरला. मी काठाला गच्च धरून बघत होते. त्याचा पाय पाण्यात पडला, दुसरा पडला. काही झालं नाही. त्यानं दोन्ही हात पसरले आणि गरकन फिरला.

"ह्ये बघा, अक्का! काई न्हाई!"

भाग्यलक्ष्मीनं पदर तोंडाला लावला. गडी टोपलं सोडायला लागले. सिद्धराम फावड्यानं गाळ भरायचा, ते वर ओढायचे. एक टोपलं आलं, दुसरं आलं. माझ्या छातीवरचा दगड सरकला. खरंच सांगते, त्या घटकेला मला वाटलं की आपल्याला वेड लागलं होतं आणि तेच बरं आहे.

मग टोपलं खाली गेलं आणि भरलं नाही.

तो पाईपाच्या बाजूला तोंड करून उभा होता. तिथं भिंतीत एक कपार आहे, वरून आतलं दिसत नाही. त्यानं मान जराशी कलती केली होती. तोंडावर अजून मघाचं हसू होतं.

"व्हय," तो कपारीकडं बघून म्हणाला, पाहुण्याला सांगावं तसं. "बंद हाय. फ्यूज काढलाय."

थोडा थांबला.

"बंद हाय म्हणलो की."

परत थांबला. हसू गेलं होतं. "बंद हाय. बंद हाय." उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायला लागला होता.

"वो, कुणाशी बोलायलाव?" भाग्यलक्ष्मी ओरडली.

त्यानं वर बघितलं. तिच्याकडं नाही, माझ्याकडं. त्याची ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अक्का," तो म्हणाला, "ह्येला माझं पटत न्हाई. म्हणायलंय, त्या वरच्या बाईला इचार. ती रोज सांगती."

गडी माझ्याकडं बघायला लागले. खालून मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त पाणी हलल्याचा आवाज येत होता. सिद्धराम तर जागचा हलला नव्हता.

"तुमी शपथ घेतलती, अक्का," तो म्हणाला. मग तो परत कपारीकडं वळला आणि 'बंद हाय, बंद हाय' म्हणत राहिला. गड्यांनी हाका मारल्या, दोर सोडला, तरी तो थांबेना.

माझ्या शेजारी भाग्यलक्ष्मी उभी होती. इतक्या दिवसांत जिनं एकदाही 'बंद हाय' म्हटलं नाही, ती. तिनं ओच्याची गाठ सोडली, फ्यूज आहेत का बघितले आणि गाठ बांधली. मग ती परत सोडली.